दोनदा दिलेली अक्रोडाची बाग

फार पूर्वीची गोष्ट. त्या काळी देश सोडायचा म्हणजे पाठीवर मावेल तेवढंच आपलं, बाकीचं ज्याच्या नशिबी असेल त्याचं, अशी रीत होती.

उत्तरेला उंच डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. वर्षातले सहा महिने तिथे बर्फ. त्या गावात एक विणकर आणि त्याची बायको राहत. तो घोंगड्या विणी, ती मेंढ्या राखी आणि लोकर पिंजी. मूलबाळ नव्हतं. घरामागे बावीस झाडांची अक्रोडाची बाग होती, तीच दोघांची म्हातारपणाची काठी.

एका हिवाळ्यात विणकराला खोकला जडला. बर्फ वितळलं, झाडांना पालवी आली, तरी खोकला काही जाईना. माग चालवताना तो मध्येच थांबे, धोटा मांडीवर ठेवी आणि छाती धरून बसे. विणकरीण दारातून पाही आणि पाहिलंच नाही असं दाखवी.

शेवटी तिने वैद्याला बोलावलं. वैद्याने नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि मोठ्याने म्हणाला, "दक्षिणेला जा. समुद्रकाठी असा मुलूख आहे, जिथे लोकांना बर्फ ठाऊकच नाही. बारा महिने ऊब. तिथे छाती मोकळी होईल."

मग निघताना कुंपणापाशी तिला एकटीला गाठून हळूच म्हणाला, "बाई, येता हिवाळा इथे काढलात तर पुढची पालवी त्याला दिसायची नाही. पण हे त्याला बोलू नका. मनाला काळजी लागली की धाप वाढते."

त्या दिवसापासून विणकरीण मनातल्या मनात दिवस मोजू लागली.

डोंगरातली खिंड बंद होईपर्यंत साडेचार महिने हातात होते. एकदा बर्फ पडलं की दक्षिणेची वाट मिटलीच. तेवढ्यात मेंढ्या विकायच्या, घराचं काहीतरी करायचं, बागेचं करायचं, वाटखर्च उभा करायचा, आणि तिकडे परक्या मुलखात डोक्यावर छप्पर शोधायचं. भाकरी थापता थापता ती हे सगळं मनात घोळवी आणि भाकरी तव्यावर करपे.

ती विचारी, "अहो, तिकडे राहायचं कुठे आपण?"

"गेल्यावर बघू."

"आणि बागेचं काय करायचं?"

"बघू म्हणतो ना!" तो म्हणे, आणि त्याला खोकल्याची अशी उबळ येई की तिला वाटे, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

हळूहळू तिने विचारणंच सोडलं. मनाशी म्हणाली, याला जायचंच नाही. हा असाच टाळत राहणार आणि एक दिवस बर्फ पडणार. जे करायचं ते मलाच करायला हवं.

श्रावण सरता सरता दक्षिणेचा एक मसाल्याचा व्यापारी गावात आला. विणकरीण लोकर विकायच्या निमित्ताने त्याच्या तळावर गेली आणि समुद्रकाठी एखादं घर मिळेल का, असं तिने विचारलं.

"माझंच एक आहे," व्यापारी म्हणाला. "नारळाच्या झापांचं, चार खोल्यांचं. मुलगी सासरी गेली, तेव्हापासून रिकामं आहे. एक सांगतो बाई, समुद्र थेट दारात येतो. पाय धुवायला पायरी उतरावी लागत नाही."

विणकरणीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी आणायला ती रोज अर्धा कोस चढत होती. दारात पाणी येतं म्हणजे केवढं भाग्य, असं तिला वाटलं.

"बदल्यात काय घ्याल?"

"तुमच्या गावचे अक्रोड आमच्याकडे सोन्याच्या भावाने जातात," व्यापारी हसून म्हणाला.

त्या गावात लिहिणं-वाचणं कुणाला येत नसे. जमीन द्यायची झाली तर तिथली मूठभर माती साक्षीदारासमोर घेणाऱ्याच्या हातावर ठेवायची. नवऱ्याने ठेवली काय किंवा बायकोने ठेवली काय, शब्द दोघांचा मानला जाई. विणकरणीने दुसऱ्याच दिवशी बागेतली माती ओच्यात बांधून नेली आणि मुनीमासमोर व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवली. व्यापाऱ्याने तिला घराची लाकडी किल्ली दिली. ती तिने पिठाच्या डब्यात खोल दडवली.

रात्री झोप लागेना. नवऱ्याच्या श्वासाची घरघर ऐकत ती पडून राही. सांगावं का? सांगितलं तर विचारील, न बघता घर घेतलंस? माझ्या बागेच्या बदल्यात? मग उबळ येईल. राहू दे. निघायच्या दिवशी सांगू.

अक्रोड उतरवायचे दिवस आले. एके सकाळी बागेतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून ती धावत गेली. पाहते तो काय, एका बाजूला काठ्या घेऊन शेजारी आणि त्याचे दोन भाऊ, दुसऱ्या बाजूला गोणपाटं घेऊन व्यापाऱ्याची माणसं. एकाच झाडाला दोघांनी हात घातलेला.

"वहिनी, ही कोण माणसं?" शेजारी ओरडला. "दादांनी बाग मला दिली आहे. माझ्या हातावर माती ठेवली आहे त्यांनी!"

"आणि आमच्या हातावर बाईंनी ठेवली आहे!" व्यापाऱ्याचा मुनीम म्हणाला.

विणकरणीने वळून पाहिलं. मागे नवरा उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच दोघांनाही समोरचं माणूस अनोळखी वाटलं.

दुपारी पंच बसले. सारं गाव गोळा झालं. एकच माल दोघांना विकणारी जोडी त्या गावाने आजवर पाहिली नव्हती. "निघून जायचं होतं ना, म्हणून जाता जाता दोघांना टोपी घातली," असं कुणीतरी मागून बोललं. विणकरणीची मान खाली गेली. आजवर तिला कुणी लबाड म्हटलं नव्हतं.

थोरला पंच म्हणजे एक वृद्ध मेंढपाळ होता. त्याने आधी विणकराला विचारलं, "बाग शेजाऱ्याला का दिलीस? आणि बायकोला का सांगितलं नाहीस?"

विणकर पुढे आला. मग म्हणाला, "वैद्यबुवांनी मला मागल्या दारी सांगितलं होतं, की वाटेतच काही बरंवाईट होऊ शकतं. म्हणाले, बायकोला बोलू नकोस, हाय खाईल. मी विचार केला, मी वाटेत गेलो तर ही परक्या मुलखात एकटी काय करील? परत इथेच येईल. म्हणून बाग शेजाऱ्याला दिली. त्याने आम्हाला दोन खेचरं द्यायची, आमचं घर पाच वर्षं शाकारून ठेवायचं, आणि ही एकटी परत आली तर अर्धे अक्रोड जन्मभर हिला द्यायचे, असं ठरलं."

विणकरणीने पदर तोंडाला लावला.

"आणि तू गं?" पंचाने विचारलं.

"मला वैद्यबुवांनी कुंपणापाशी सांगितलं," ती म्हणाली. "की इथे हिवाळा काढला तर हे पुढची पालवी बघायचे नाहीत. म्हटलं, तिकडे गेल्या गेल्या यांना अंथरूण टाकायला स्वतःची जागा हवी. धर्मशाळेच्या ओट्यावर खोकत पडायला नको. म्हणून घर घेतलं. यांना त्रास नको म्हणून बोलले नाही."

गर्दीत वैद्य होता, तो हळूच मागे सरकला.

थोरल्या पंचाने दाढीवरून हात फिरवला. "तुमच्या पोटात कपट नव्हतं, हे मला कळलं," तो म्हणाला. "पण बागेला ते कळत नाही, आणि या दोघांनाही त्याचा उपयोग नाही. एक वस्तू दोघांना दिली की ती ना देणाऱ्याची राहते ना घेणाऱ्याची, हा आपला रिवाज आहे. आजपासून बाग गावाची. शेजाऱ्याची खेचरं शेजाऱ्यापाशीच राहतील. व्यापाऱ्याचं घर ठेवायचं असेल तर दुसरं काही देऊन त्याचं समाधान करा."

व्यापाऱ्याच्या समाधानात चाळीसच्या चाळीस मेंढ्या आणि तीन वर्षांत विणून ठेवलेल्या घोंगड्या गेल्या. राहतं घर पडत्या भावात एका गुराख्याला देऊन दोघांनी वाटखर्च जमवला. एवढं होईतो उत्तरेकडच्या डोंगरांचे शेंडे पांढरे दिसायला लागले होते. खिंड आठ दिवसांत बंद होणार, असं जाणते म्हणत होते.

आणि खेचरं नव्हती. खिंडीचा चढ दोन दिवसांचा. धडधाकट माणसालाही तिथे धाप लागे.

"मी चालेन," नवरा म्हणाला.

पूर्वीसारखं असतं तर विणकरीण मान हलवून गप्प बसली असती आणि मनात कुढली असती. पण ती म्हणाली, "मला भीती वाटते हो. तुम्ही चढावर पडलात तर मी काय करू?"

तो तिच्याजवळ खाली बसला. "मलाही तीच भीती वाटते," तो म्हणाला.

नुसतं एवढं बोलणं झालं. खिंड काही त्याने बुटकी झाली नाही. पण कितीतरी महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

"शेजाऱ्याकडे जाऊ," ती म्हणाली. "दोघं मिळून जाऊ आणि मागू. नाही म्हणाला तर नाही म्हणाला."

शेजारी दारात उभा राहिला. त्याने या म्हटलं नाही. गावासमोर त्याचंही हसं झालं होतं, त्याचा राग अजून गेला नव्हता. विणकर म्हणाला, "तुझ्याशी आम्ही चुकलो. तरी मागायला आलो आहोत. एक खेचर खिंडीपर्यंत देशील का?"

शेजाऱ्याने विणकराची वरखाली होणारी छाती पाहिली. मग आत वळून भावाला हाक मारली. "करड्या खेचरावर खोगीर घाल रे." आणि विणकरणीकडे न पाहता म्हणाला, "माथ्यावर पोचलात की सोडून द्या, वहिनी. त्याला वाट ठाऊक आहे."

अशी ती दोघं खिंड चढली. तो खेचरावर, ती लगाम धरून. माथ्यावर पोचली तेव्हा वाऱ्यात बर्फाचे कण होते. तिने खेचराच्या मानेवर थाप मारून त्याला सोडलं, नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दक्षिणेकडचा उतार धरला.

पुढे दीड महिना वाट चालली. कधी बैलगाडी, कधी नाव, कधी पायी. हवा दिवसेंदिवस ऊबदार होत गेली. एके संध्याकाळी नारळांच्या मागे ते अफाट पाणी दिसलं, आणि नवरा तापाने फणफणला. तिने त्याला धर्मशाळेत निजवलं आणि किल्ली घेऊन एकटीच घर बघायला गेली.

घर होतं. चार खोल्या होत्या. व्यापाऱ्याने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. समुद्र दारात येत होता. भरतीची वेळ होती, आणि पाणी दार ओलांडून चुलीपर्यंत आलं होतं. चुलीत एक खेकडा बसला होता.

विणकरीण गुडघाभर पाण्यात उभी राहिली. बाग गेली, मेंढ्या गेल्या, सगळं देऊन घेतलं ते हे. तिला रडू फुटलं. आणि रडता रडताच डोक्यात जुनी सवय जागी झाली: त्यांना सांगायचं नाही. म्हणावं, किल्ली हरवली. म्हणावं, अजून डागडुजी चालली आहे. आधी ताप उतरू दे.

परतीची वाट थोडीच होती, पण तिला ती खिंडीहून लांब वाटली. धर्मशाळेच्या पायरीवर ती थांबली. मग आत गेली, नवऱ्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "अहो, मी फसले. घरात समुद्र येतो. चुलीपर्यंत येतो."

नवऱ्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "फसलीस कशी? व्यापारी तर खरंच बोलला." आणि हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. शेवटी ती डोळे पुसत पुसत हसली.

"घर झापांचं आहे ना?" त्याने विचारलं. "दगडाचं नाही?"

"झापांचं आणि बांबूचं."

"मग ते उचलता येईल. तरुणपणी नदीवर तराफे बांधायला होतो मी. चार जाड खांब रोवले की घर वर बसतं. मला आधी विचारलं असतंस, तर घर घेतानाच खांब मागून घेतले असते आपण."

"तुम्ही तरी मला कुठे विचारलंत?" ती म्हणाली.

"तेही खरं," तो म्हणाला.

ताप उतरल्यावर दोघं रोज ओहोटीच्या वेळी तिथे जात. तो नारळाखाली बसून कुठे खड्डा, कुठे गाठ ते सांगे. ती आणि कोळीवाड्यातल्या चार बायका दोर ओढत. महिनाभरात घर माणूसभर उंच खांबांवर चढलं. भरतीचं पाणी खालून येई, खालून जाई. पण बावीस झाडांची बाग परत आली नाही. दोघांनी काथ्याच्या चटया विणून पोट भरलं आणि उरलेलं आयुष्य कष्टातच काढलं.

उबेने त्याची छाती खरोखरच मोकळी झाली. सात वर्षं त्याला काही झालं नाही. आठव्या वर्षी एका सकाळी त्याला पुन्हा छातीत कळ आली. विणकरीण मागच्या अंगणात चटई पसरत होती. त्याने तिला आतूनच हाक मारली आणि म्हणाला, "अगं, ये जरा इथे. पुन्हा दुखतंय."

ती हातातली चटई टाकून आली आणि त्याच्याजवळ बसली. पुढचे दिवस कसे काढायचे, ते त्यांनी दोघांनी मिळून ठरवलं.

मुलांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आपल्या माणसाला त्रास नको म्हणून लपवलेली काळजी शेवटी दोघांचंही घर बुडवते; ती सांगून टाकावी, म्हणजे निदान उचलायला चार हात होतात.