उंडे सर पेपर छापतात

बेलखेडी गावात एक भोळे प्राध्यापक राहायचे. प्राध्यापक आणि भोळे! गावाला त्याचंच कौतुक. नाव मुरलीधर उंडे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. दर शनिवारी टेकडीवर तरवडाच्या झुडपाशेजारी बसायचे आणि कुठली मधमाशी किती वाजता आली ते लिहून ठेवायचे. अशी अकरा वर्षं गेली. मधमाश्यासुद्धा त्यांना ओळखायला लागल्या होत्या.

एक दिवस प्राचार्य सोनटक्क्यांनी त्यांना बोलावलं.

"उंडे, पुढच्या वर्षी तुमच्या बढतीची मुलाखत आहे. एक तरी पेपर छापून आणा."

"आणतो, सर."

उंडे सर थेट मारुती गल्लीतल्या छापखान्यात गेले. तिथे लग्नपत्रिका छापत. दोनशे प्रती झाल्या. वर गणपती, मध्ये मधमाश्या आणि खाली मालकाने सवयीने टाकलेलं 'कृपया आहेर आणू नये'.

प्राचार्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "हे काय?"

"पेपर. छापून आणला."

"अहो, पेपर जर्नलमध्ये छापायचा असतो! आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये!"

"असं होय!" उंडे सर म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं: आंतरराष्ट्रीय.

त्याच आठवड्यात ईमेल आला. 'परमादरणीय, जगद्विख्यात विद्वान डॉ. मुरलीधर वृंदे, आपल्या लेखाविना आमचा अंक अडला आहे.' जर्नलचं नाव होतं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ वर्ल्ड अँड ग्लोबल सायन्स, शेती, दंतवैद्यक व व्यवस्थापन'. एकाच नावात तीनदा जग! उंडे सरांचा ऊर भरून आला. बिचाऱ्यांचा अंक अडलाय म्हणून त्यांनी जेवायच्या आधीच लेख पाठवला.

अकरा मिनिटांत उत्तर आलं. 'हृदयरोगावरील आपला प्रबंध अप्रतिम आहे. एक अक्षरही बदलू नये. फी त्वरित भरावी.'

तरवड हृदयाला चांगला असणार, एवढंच उंडे सरांच्या मनात आलं. त्यांनी महिन्याचा पगार भरला आणि ग्रंथपाल शरयू मॅडमना पेढे द्यायला गेले.

मॅडमनी पेढा बाजूला ठेवून जर्नलची वेबसाइट उघडली. "सर, हे भामटे आहेत. या संपादक मंडळातले हे गृहस्थ वारून सात वर्षं झाली."

"आणि अजून काम करतात? केवढी निष्ठा!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. लेख परत मागायला लावला. भामट्यांनी लेख परत द्यायचीही फी मागितली. पंधरा दिवसांनी आख्खं जर्नलच इंटरनेटवरून गायब झालं, म्हणून ही दुसरी फी वाचली.

"सर, खऱ्या जर्नलात लेख आधी तपासतात," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बरोबरीचा माणूस तपासतो. आणि दोघांच्याही डोळ्यांवर पट्टी असते. कोणी लिहिलं आणि कोण तपासतंय, हे एकमेकांना कळू द्यायचं नाही."

"असं होय!"

फिजिक्सचे डोईफोडे सर त्यांच्या बरोबरीचे. एकाच वर्षी लागलेले, पगार तोच, उंचीही तेवढीच. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये उंडे सरांनी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि चाचपडत लेख त्यांच्या हातात दिला.

"तपासा."

"अहो, दिसत नाही तर वाचू कसा?"

"तेच तर अवघड असतं म्हणे."

डोईफोडे सरांना तास होता. ते टॉवेलाआडूनच म्हणाले, "उत्तम आहे." अकरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शरयू मॅडमनी हे ऐकलं आणि ठरवलं की आता आपणच लेख पाठवायचा. "ओपन अ‍ॅक्सेस जर्नल बघू," त्या म्हणाल्या. "चांगलं काम कुलपात ठेवू नये. कुणालाही फुकट वाचता आलं पाहिजे."

"असं होय!"

त्या वर्षी परीक्षाप्रमुख उंडे सरच होते. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, सगळ्या प्रश्नपत्रिका व्हरांड्यातल्या टेबलावर मांडल्या आणि वर पाटी लावली: 'सर्वांसाठी खुले. फुकट.' दुपारपर्यंत एकही उरली नाही. चार तर भेळवाल्याने नेल्या.

परीक्षा रद्द झाली. प्राचार्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला. "उंडे! उत्तरं उघडी ठेवायची असतात, प्रश्न नव्हे!"

इकडे खऱ्या जर्नलने चार महिने काहीच कळवलं नाही. मग सहा पानं आली. त्रेचाळीस आक्षेप. उंडे सर ग्रंथालयात येऊन बसले. डोळे भरले होते.

"अकरा वर्षं, मॅडम. आणि हे म्हणतात, मधमाशीचं नावच चुकलंय."

"चुकलंय का?"

"हो," उंडे सर म्हणाले.

मॅडमनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "मग हे खरे लोक. सर, एवढंच लक्षात ठेवा. भेटल्या भेटल्या जो तुम्हाला डोक्यावर घेतो, लगेच होकार देतो आणि सही करा म्हणतो, तो भामटा. जो तुमच्या चुका काढतो, तो खरा."

"असं होय!" या वेळी उंडे सरांनी ते दोनदा लिहून घेतलं.

मग ते पुन्हा आख्खा एक हंगाम टेकडीवर बसले. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चुका दुरुस्त केल्या. लेख छापून आला, तोही 'उंडे' या खऱ्या नावाने. गावात पहिल्यांदाच कुणी उंडे सरांना हसलं नाही.

आणि मुलाखतीचा दिवस उजाडला. विद्यापीठाकडून तीन जणांची निवड समिती आली. अध्यक्ष होते डॉ. हिरेमठ, स्वभावाने फार गोड.

"या, या, उंडे सर! लेख वाचला. अप्रतिम काम!"

उंडे सरांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"प्रश्न विचारायची गरजच नाही. आमचं एकमत आहे. बढती पक्की."

उंडे सरांनी हळूच वहीतलं ते दोनदा लिहिलेलं पान काढलं.

"फक्त इथे एक सही करा."

"आलोच," म्हणून उंडे सर उठले. बाहेरून कडी लावली आणि पोलिस चौकीला फोन केला. "साहेब, कॉलेजात भामट्यांची टोळी पकडलीय. तिघं आहेत. गोड बोलतात."

फौजदार यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात वीजही गेली होती. दार उघडलं तेव्हा हिरेमठ सरांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. त्यांनी बढतीचा कागद टराटरा फाडून जमिनीवर फेकला.

"मूर्ख माणसा! अक्कल आहे का? माणूस ओळखता येत नाही! अर्जावर तारीख चुकलीय! फोटो उलटा चिकटवलाय! शर्टाची बटणं वरखाली लावलीत! तुला प्राध्यापक केलं कोणी?"

उंडे सर एकेक आक्षेप लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांचा चेहरा उजळत गेला. ते फौजदारांकडे वळले.

"सोडा त्यांना, साहेब. माणसं खरी आहेत."

मग ते खाली वाकले, फाटलेल्या कागदाचे चारही तुकडे गोळा केले, टेबलावर नीट मांडले आणि पेनाचं टोपण काढून म्हणाले, "सर, कुठल्या तुकड्यावर सही करू?"