सशांनी खाल्लेली बातमी

"पानावर लिहिलंय ते खरं का, हे माझ्या दादाला का नाही विचारलंत?" धाकट्या चिपळ्या सशाने विचारलं.

ही गोष्ट फार पूर्वीची. माळावरच्या सशांचा फुटबॉल संघ होता. सुतारपक्षी सामन्यांच्या बातम्या केळीच्या पानावर चोचीने टोचून वडाला लावायचा. संघ वाईट खेळला की तो तसंच लिहायचा. सशांना वाटे, हा मुंगसांच्या संघाला फितूर आहे. मग ते पान सगळे मिळून खाऊन टाकत.

एकदा पानावर आलं, 'गोलरक्षक कापुऱ्याचा मागचा पाय सुजला आहे. त्याने खेळू नये.'

"बघा, आता आपला गोलकीपर काढायला निघाला," सशांतले वडीलधारे भुसनाना म्हणाले. "घ्या रे, पान कोवळं आहे."

चिपळ्याचा दादा कापुऱ्या लंगडत होता, पण सगळ्यांची आशा मोडवेना म्हणून गप्प राहिला. तो खेळला आणि संघ जिंकला. परतताना कोल्हा आला. सगळे पळाले. कापुऱ्याला पळता आलं नाही.

सकाळी नवं पान लागलं. सवयीने भुसनानांनी तोंड पुढे केलं. चिपळ्याने पान ओढून घेतलं. तो शाळेत फारसा गेला नव्हता. तरी माळ कायमचा सोडण्याआधी त्याने एकेक अक्षर लावत ते सगळ्यांना वाचून दाखवलं. दादाने अडवलेल्या तीन गोलांपासून कोल्ह्यापर्यंत, एकही ओळ न गाळता.