बोरूचा पहारा

शंखासारख्या वळणावळणाच्या त्या राज्यात शब्द हवेतून जात नसत. बोललेलं पाण्यात उतरे, काठावर उगवलेले बोरू डुलू लागत आणि डुलत डुलत ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचवत. इंदू पाणकोंबडीची झोप उडाली होती ती यामुळेच. तिची लेक ठमी हाकेला वळेनाशी झाली होती. वर घार घिरट्या घालत असेल आणि हाक पोचलीच नाही, तर?

आधी डाव्या काठचे बोरू बुडापासून कापलेले सापडले; महिन्याभरात उजव्या काठचेही. इंदूनं रिवाजाप्रमाणे आधी स्वतःलाच दोष दिला. आपण फार हळू बोलतो की काय? की फारच बोलतो, म्हणून पोरीनं ऐकणं सोडलं? मग तिनं रीतसर अर्ज केला आणि काठावरचे राखणदार खेकडे दुप्पट करवून घेतले. बोरू दुपटीनं कापले जाऊ लागले.

"शत्रू चिवट दिसतोय, ताई," खेकड्यांचे नाईक म्हणाले. त्यांच्या नांगीत हिरवा चोथा अडकलेला होता. इंदूला तो दिसला. पण इतक्या वर्षांच्या राखणदारावर संशय घेणारी आपण कोण?

शेवटी वैद्य कासव आले. त्यांनी दोन्ही काठ पाहिले आणि सकाळच्या हजेरीला जाऊन बसले. फार पूर्वी एका हिरव्या सापानं खेकड्यांची पिल्लं खाल्ली होती. तेव्हापासून हजेरीला सगळे खेकडे शत्रूची खूण घोकत: बारीक, हिरवा, डुलणारा. साप पाहिलेला खेकडा आता एकही उरला नव्हता.

"नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही," कासव इंदूला म्हणाले. "राखणदारांना गुंगीचं मूळ देऊ. बोरू पुन्हा फुटले, तर तेच उत्तर."

"आणि तेवढ्यात खरा साप आला तर?"

"येऊ शकतो. तेवढे दिवस तू जागी राहा, पोरी. ते तुला जमतंच."

खेकडे पेंगले. इंदू काठानं येरझाऱ्या घालू लागली. एकदा तर वाहत आलेल्या काटकीशीच भांडली. नवव्या दिवशी उजव्या काठाला कोंब दिसले.

"आता मूळ बंद करू या ना?"

"एकदम नको. दचकून उठतील. रोज चिमूटभर कमी."

डाव्या काठाचा एक तुकडा उघडाच राहिला. बाकी हिरवं झालं.

नाईक जागे झाले त्या सकाळी ठमी पलीकडच्या काठाला खेळत होती. नाईकांच्या समोर काहीतरी बारीक, हिरवं डुलत होतं. सवयीनं त्यांची नांगी उघडली. खरा साप आला असं वाटून इंदू जिवाच्या आकांतानं ओरडली, "ठमे, मागे हो!"

नांगीच्या दोन पात्यांमध्ये बोरू थरथरला. आईची हाक नाईकांच्या अंगातून सरसरत गेली. नांगी तशीच उघडी राहिली. मग बोरू पुन्हा डुलला, यावेळी पलीकडून.

"ओरडतेस कशाला गं आई? येतंय ऐकू."