लंगडण्याआधी

एकदा एक तरुण आई तीन महिन्यांची मुलगी पदराखाली घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या ओट्यावर आली. दिवस अमावास्येचा. त्या दिवशी औषध सुरू करायला लोक कचरतात. म्हणून ओट्यावर पोटदुखीने वाकलेला एक व्यापारी तेवढा बसला होता.

वैद्यांच्या शिष्याने विचारलं, "काय होतंय हिला?"

"काही नाही. दूध पिते, हसते. नुसतं एकदा बघून घ्या."

"ताप नाही, खोकला नाही, मग आणलंस कशाला? धडधाकट लेकरू वैद्याच्या दारात आणून दुखणं मागे लावून घेतेस होय गं बाई?"

व्यापारी पोट धरूनसुद्धा हसला. "पहिलटकरीण दिसतेय! पोर शिंकली तरी धावत येईल."

आई मुलीला सावरत उठली. घरी सासू हेच म्हणाली होती. काळजी करणाऱ्या बाईला हसायला कुणालाही वेळ असतो!

एवढ्यात वैद्य बाहेर आले. "बस, मुली." मग व्यापाऱ्याकडे बोट दाखवून शिष्याला म्हणाले, "या शेटजींचा बैल कुठे आहे?"

"समोर, नालबंदाकडे."

"इकडे घेऊन ये."

गुरूंना झालंय काय, ते शिष्याला कळेना. पण त्याने बैल आणला.

"शेटजी, हा लंगडतो का?"

"छे! लंगडेल कसा? अमावास्येला आम्ही गाडी जुंपत नाही. दर खेपेला त्याच दिवशी खूर बघून घेतो. लंगडायला लागल्यावर बघून काय करायचं?"

वैद्य आईजवळ आले. त्यांनी मुलीला गोधडीवर निजवलं, दोन्ही गुडघे दुमडून हळूच बाहेरच्या बाजूला उघडले. उजवा गुडघा गोधडीला टेकला. डावा अर्ध्यावरच अडला. पुन्हा पाहिलं, पुन्हा अडला. आई पुढे वाकली.

"घाबरू नकोस. खुब्याचं हाड जागेवर नीट बसलेलं नाही. उद्याच हाडवैद्याकडे ने. हाड कोवळं आहे, वळण घेईल. चालायला लागल्यावर आली असतीस, तर फार अवघड झालं असतं."

मग ते वळले, आणि त्यांचा आवाज चढला. "बैलाचा खूर न दुखता बघायचा, हे शहाणपण! आणि लेकरू काही न दुखता दाखवलं, तर आई वेडी? शेटजी, तुमचं पोट किती दिवस दुखतंय?"

"दिवाळीपासून," व्यापारी पुटपुटला.

"म्हणजे बैलाइतकीही स्वतःची किंमत नाही तुम्हाला! आणि तू रे? माझ्यापाशी शिकतोस, आणि रडणाऱ्यालाच आत घेतोस? न रडणाऱ्याचं दुखणं कोण शोधणार?"

शिष्याची मान खाली गेली.

पुढच्या अमावास्येला त्याने ओटा झाडून तीच गोधडी अंथरली. व्यापारी नातवाला घेऊन आला आणि संकोचत म्हणाला, "याला काही होत नाहीये हो."

"म्हणूनच आत या," शिष्य म्हणाला.

डॉक्टरांकडे मुलाच्या पुढच्या तपासणीची तारीख मागताना कुणी हसलं, तर खुशाल हसू द्यावं. तारीख मात्र घेऊनच उठावं.