थरथरत्या हाताची नाडी

“मग डॉक्टरेट सोडून देऊ का, बाबा?”

स्वरूपाने यासीनबाबांना विचारलं. टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, चिंचेखाली राहणारा हा म्हातारा फकीर, कुठलाही प्रश्न आधी जरा निवू द्यायचा.

पण स्वरूपाला दम कुठला? जर्मनीतल्या विद्यापीठात तिने मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवला होता. नाडी वाचायची आणि हृदय अडखळायला लागलं की वेळीच सांगायचं, हे त्याचं काम. आपल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्यांसाठी म्हणूनच तर तिने हा विषय घेतला होता.

“अडलं कुठे?”

“तिथल्या तरुण पोरांवर छान चालला. इथे म्हाताऱ्यांना बांधला, तर... सगळा गोंधळ. हात थरथरतात ना त्यांचे. मी प्रत्येकाला सांगते, हात हलवू नका.”

“मग?”

“मग तो आणखीच हलतो.”

बाबा खुदकन हसले. “एवढ्या लांब जाऊन गप्प बसायला सांगणारं यंत्र केलंस? आमची अम्मी हे काम चपलेनं करायची.”

स्वरूपाला हसू आलं नाही. “त्या म्हाताऱ्यांना वगळलं, तर प्रबंध तयार आहे. पण ज्यांच्यासाठी केला त्यांनाच वगळायचं? आणि ठेवलं, तर सगळी मेहनत वाया...”

“पाणी घे आधी.”

आलेल्याला पहिलं पाणी फकिरानेच आपल्या हाताने ओतून द्यायचं, हा तकियाचा रिवाज. बाबांनी सुरई उचलली. ती पेल्याच्या काठावर टकटक वाजू लागली. पाणी चटईवर सांडलं.

“बाबा, हात जरा स्थिर...” स्वरूपाने जीभ चावली.

“सांग की. ऐकतो का बघू.”

तिने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. घट्ट. सुरई आणखीच हिंदकळली. मग तिने पकड सैल केली. बाबांचा हात जाईल तिकडे आपलाही जाऊ दिला. इकडे... तिकडे...

धार पेल्यात पडू लागली.

आणि तिच्या बोटांखाली, त्या सगळ्या थरथरीत, नाडी वेगळी लागली. ठक... ठक...

स्वरूपा थबकली. थरथर म्हणजे कचरा, असं समजून तिच्या पट्ट्याने ती कायम फेकून दिली होती. मोजली कधीच नव्हती. आधी थरथर मोजायची... ती वजा केली, की उरते ती नाडी.

कित्येक दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला. हसू फुटलं आणि डोळेही भरले.

“बाबा, सापडलं! एकालाही वगळायला नको. येते मी, आत्ताच कामाला लागते!”

ती उठलीसुद्धा. बाबांचा सुरई धरलेला हात तसाच पुढे होता, थरथरत.

“बस, पोरी. पेला अजून अर्धाच भरलाय.”