पाखरीची म्होरकी

जनावरंही माणसांसारखी फुशारकी मारायची, त्या काळातली गोष्ट. बिरूअण्णांची पाखरी नावाची खिल्लार कालवड दिसायला देखणी, पण भारी लबाड. तोंडाला दोराची म्होरकी बांधताना ती गाल फुगवून धरी. अण्णांची पाठ वळली की गाल सोडी, मान झटकी आणि म्होरकी खाली!

जनावरांच्या प्रदर्शनात अण्णांनी तिला न्हाऊमाखू घालून उभं केलं. शेजारी वजीर नावाचा म्हातारा वळू होता. तो म्हणाला, "पोरी, आज तरी गप उभी राहा."

"दोर नसला की रूप जास्त खुलतं, आजोबा," म्हणत पाखरी निसटली आणि मिरवत थेट परीक्षकांपुढे गेली.

"कुणाचं हे मोकाट जनावर?" परीक्षक खेकसले. लगेच रखवालदारानं काठी उगारली आणि तिला फाटकाबाहेर, उकिरडा हुंगणाऱ्या गाईंमध्ये हाकललं. पाखरीला रडूच कोसळलं. ती जिवाच्या आकांतानं हंबरली.

ते ऐकून अण्णा रिकामी म्होरकी घेऊन धापा टाकत आले. त्यांनी ती पुढे करायचा अवकाश, पाखरीनं आपणहून तोंड आत घातलं. गाल फुगवायचं तिला सुचलंही नाही.

दोघं परत आली, तोवर बक्षीस दुसरीलाच मिळालं होतं. वजीर मिश्कीलपणे म्हणाला, "फार आवळली का गं? सैल करायला सांगू?"

"नको, आजोबा," पाखरी अण्णांना आणखी खेटून म्हणाली, "आज वारा फार सुटलाय, सैल असली तर उडून जायची."