पुंजाजीचा चार्ज

फार वर्षांपूर्वी, काटसावंगीला छोटी आगगाडी यायची तेव्हाची ही गोष्ट. स्टेशन म्हणजे काय, तर एक कौलारू खोली, एक बाक आणि पुंजाजी. तिकीट तोच द्यायचा, सिग्नल तोच पाडायचा, झाडूही तोच मारायचा. त्या खोलीवर त्याचा असा जीव, की त्याची बायको भागरथा म्हणायची, "माह्या सवतीले कौलं हायेत, बाई!"

मग गाडी बंद झाली. वरून हुकूम सुटला, स्टेशन पाडा. एका दुपारी साहेब दहा मजूर घेऊन आला. सगळं गाव फलाटावर जमलं.

"पुंजाजी, बाहेर ये."

"येतो ना सायेब. चार्ज कोनाले देऊ?"

नियमच तसा होता. बदली माणूस येऊन, वहीत सही करून चार्ज घेत नाही, तोवर ड्युटीवरच्यानं हलायचं नाही. आणि वरच्या शहाण्यांनी पुंजाजीची जागाच आधी रद्द करून टाकलेली. जी जागाच नाही, तिच्यावर बदली माणूस कोण पाठवणार?

साहेबाचा पारा चढला. "पाडा!"

मजूर छपरावर चढले. खाली पुंजाजी वही मांडीवर घेऊन बसला. पहिलं कौल त्याच्या उजव्या हाताशी फुटलं, दुसरं डाव्या. उठलो की गेलं आपलं स्टेशन, एवढं त्याला पक्कं कळत होतं. शंभर कौलं पडली, पण त्याला एक खापरीसुद्धा लागली नाही, असं म्हणतात. शेवटी मजुरांनीच हात जोडले आणि ते खाली उतरले.

"आण ती वही! मीच घेतो चार्ज!" साहेब ओरडला.

पुंजाजीनं पेन पुढे केलं. "घ्या. मंग दुसरा येईपर्यंत तुम्हालेबी हालता येनार नाई."

साहेबानं पेन कागदाला टेकवलं. पेनातली शाई वाळेपर्यंत तो तसाच उभा होता, असं म्हणतात. मग त्यानं वही मिटली. "वर विचारून येतो," म्हणाला. तो अजून विचारतोच आहे.

पुंजाजी मात्र अडकला. जेवण तिथे, झोप तिथे. एकवीस वर्षं, असं म्हणतात. पोरीचं लग्नही फलाटावरच लागलं. पुढे त्यानं अंथरूण धरलं. घास गिळवेना, तरी जीव जाईना. त्याची तळमळ बघवत नव्हती. आठव्या दिवशी भागरथानं वही ओढून घेतली. "द्या इकडे. म्या घेतला चार्ज." तिनं अंगठा उठवला. पुंजाजीनं तो नीट निरखून पाहिला, आणि मगच डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी शेजारणीनं वहीत सही करून भागरथाला सोडवलं. तेव्हापासून रोज सकाळी एका घरचं माणूस स्टेशनावर जातं, झाडलोट करतं, फुटकं कौल बदलतं, सही करतं आणि दुसरा येईपर्यंत तिथून हलत नाही. आता रूळही उरले नाहीत, पण वहीत एकही दिवस कोरा नाही.

आणि गावात कुणाचा जीव जाता जात नसला, तर घरचं माणूस उशाशी बसतं, त्याचा हात हातात घेतं आणि कानात सांगतं, "जा आता. म्या घेतला चार्ज."